कानाचं वळण

'बाळाला मोझार्ट ऐकवा, बुद्धी वाढते' हा संदेश दर काही महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या गटात फिरत येतो. त्याच्या मागोमाग दुसरा येतो: लहानपणी टीव्ही पाहिलेल्यांचं डोकं कायमचं बिघडतं. दोन्हींचं गृहीतक एकच. लहान वयात डोळ्याकानांतून आत गेलेलं सगळं थेट बुद्धीच्या खात्यात जमा किंवा वजा होतं म्हणे! लहानपणीचे सूर आणि चित्रं माणसात उरतात हे खरं, पण उरतात ती भलत्याच जागी. ती जागा मला बुद्ध्यांकापेक्षा कितीतरी मजेशीर वाटते.

आधी मोझार्टचा निकाल लावू. १९९३ मध्ये फ्रान्सिस राउशर आणि सहकाऱ्यांचं एक छोटं टिपण 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात छापून आलं. ३६ कॉलेज विद्यार्थ्यांना त्यांनी युरोपीय संगीतकार मोझार्टने दोन पियानोंसाठी रचलेला एक सोनाटा (वाद्यरचना) दहा मिनिटं ऐकवला. त्यानंतर घडी घालून कापलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, अशा धाटणीच्या प्रश्नांत त्यांचे गुण वाढले. ही वाढ टिकली दहा-पंधरा मिनिटं. प्रयोगात बाळ एकही नव्हतं. तरीही १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी नवजात बाळांना शास्त्रीय संगीत वाटण्यासाठी १,०५,००० डॉलरची तरतूद मागितली. पुढच्या प्रयोगांतून उलगडा झाला तो असा: आवडीचं, प्रसन्न काही ऐकलं की तरतरी येते आणि तरतरीत माणूस कोडी जरा बरी सोडवतो. गोष्टी आवडणाऱ्यांना गोष्ट ऐकवली तरी तेच झालं. पोटावर हेडफोन बांधून 'हुशार बाळा'ची हमी देणाऱ्यांचा धंदा मात्र अजून जोरात आहे.

गर्भाला ऐकू येतं, एवढं त्यातलं खरं. बेलफास्टच्या पीटर हेपर यांनी १९८८ च्या सुमाराला एक गमतीदार गोष्ट तपासली. गरोदरपणात एखादी टीव्ही मालिका नेमाने पाहणाऱ्या बायकांची बाळं, जन्मल्यावर त्याच मालिकेचं शीर्षकसंगीत लागलं की शांत आणि सावध व्हायची, हृदयाचे ठोकेही बदलायचे. दुसऱ्या धुनेला हा मान नव्हता. पण जन्मानंतर ती धून कानावर पडली नाही, तर तीन आठवड्यांत ओळख पुसली जायची. एकदा ठसा उमटला की जन्मभर राहिला, असा प्रकार इथे नाही. कानावर पडत राहायला हवं.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे ताल. मेंदूच्या लेखी ताल हे भाकीत असतं. पुढचा ठोका कधी पडेल याचा अंदाज तो सतत बांधत असतो, आणि अंदाज चुकला की अंधारात जिना उतरताना नसलेल्या पायरीवर पाऊल टाकल्यासारखा दचकतो. हा दचका ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींच्या आलेखात, पकडता येतो. २००९ मध्ये संशोधकांनी दोन-तीन दिवसांच्या, झोपलेल्या बाळांना ड्रमचा साधा ठेका ऐकवला आणि मध्येच सम, म्हणजे आवर्तनाचा पहिला ठोका, गाळली. बाळांच्या मेंदूलहरींत लगेच खळबळ उमटली. बिनमहत्त्वाची मात्रा गाळली तेव्हा ती उमटली नाही. म्हणजे समेची वाट पाहणं आपण जन्मतःच जाणतो.

पण समेची वाट कुठल्या हिशेबाने पाहायची, हे शिकावं लागतं. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांचे २००५ मधले प्रयोग यासाठी मला फार आवडतात. पाश्चात्त्य संगीतात लांब आणि आखूड कालखंडांचं प्रमाण बहुधा २:१ असं सोपं असतं. बल्गेरिया-मॅसिडोनियाच्या लोकनृत्यांत मात्र २-२-३ असे सात मात्रांचे ठेके सर्रास असतात, तिथे प्रमाण ३:२ होतं. (आपला सात मात्रांचा रूपक ताल कानात बसलेल्यांना यात काही वावगं वाटणार नाही.) बाळांना पडद्यावर कार्टून दाखवत असा एक ठेका ऐकवला. सवय झाल्यावर त्याची दोन रूपं वाजवली: एकात थोडा बदल पण ठेका शाबूत, दुसऱ्यात एक जादा ठोका घुसवून ठेकाच मोडलेला. बाळ नवख्या गोष्टीकडे जास्त वेळ पाहतं. त्यामुळे पडद्याकडे किती वेळ पाहिलं हे मोजलं की मोडतोड त्याला कळली का, ते समजतं.

उत्तर अमेरिकेतल्या प्रौढांना २:१ च्या ठेक्यातली मोडतोड कळली, सात मात्रांतली कळली नाही. सहा महिन्यांच्या बाळांना दोन्ही कळल्या! बारा महिन्यांची बाळं मोठ्यांच्या पंगतीत जाऊन बसली होती. पण त्यांना दोन आठवडे घरी तसलं संगीत ऐकवलं, तर हरवलेली जाण परत आली. मोठ्यांना तेवढंच ऐकवून ती आली नाही.

कारण काय असावं? एक मत असं की मेंदूतल्या पेशींचे गट स्वतःच्या लयीने कमी-अधिक उत्तेजित होत असतात आणि बाहेरच्या ठोक्यांशी आपला फेर जुळवून घेतात. २:१ मध्ये एका आवर्तनात दुसऱ्याची बरोबर दोन आवर्तनं बसतात, म्हणून जुळणी पटकन होते. ३:२ मध्ये दोन्ही चक्रं पुन्हा एकत्र येईपर्यंत मधली तफावत सांभाळावी लागते. ही अवघड जुळणी वारंवार घडली, तर त्या पेशींमधल्या जोडण्या बळकट होतात. घडलीच नाही, तर मेंदू तो आवाज जवळच्या सोप्या साच्यात कोंबून ऐकतो. भाषेतही हेच. जॅनेट वर्कर यांनी १९८४ मध्ये दाखवलं की इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना 'ट' आणि 'त' यांतला फरक कळतो, आणि वर्षाचं होईतो ती क्षमता ओसरते.

म्हणून 'आजकालच्या गाण्यांत काही राम नाही' हे वाक्य प्रत्येक पिढी म्हणते. बहुतेकांच्या आठवणी दहा ते तीस या वयातल्या दाट असतात आणि त्या वयातली गाणी त्यांना चिकटून राहतात. पण कॅरल क्रमहान्सल यांनी २०१३ मध्ये विशीतल्या मुलांना १९५५ पासूनची गाजलेली गाणी ऐकवली, तेव्हा त्यांच्या जिव्हाळ्याचा एक उंचवटा आईवडिलांच्या तरुणपणातल्या गाण्यांवरही आढळला. घरात जे वाजत होतं, त्यालाही कान सरावले होते.

टीव्हीचं गणित निराळं. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी चिनी बोलणारी माणसं बारा वेळा खेळवली, तर बाळं चिनी आवाज ओळखू लागली. त्याच माणसांची तीच बडबड पडद्यावर दाखवली, तर शून्य. सात मात्रा ध्वनिमुद्रित संगीतातून शिकता येतात, बोलीचे आवाज मात्र समोरच्या जिवंत माणसाकडूनच. माझ्या मते याचं कारण नजर आहे: बाळ बोलणाऱ्याच्या नजरेचा माग घेतं, आणि पडद्यातला माणूस बाळाकडे पाहत नाही.

तरी पडदा कुठेतरी साठतोच. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात एव्हा मुर्झिन यांनी २००८ मध्ये लोकांना स्वप्नांचे रंग विचारले. लहानपणी फक्त कृष्णधवल पडदा पाहिलेल्या, पंचावन्नपुढच्या लोकांची सुमारे पाव स्वप्नं कृष्णधवल होती. पंचविशीच्या आतल्यांना अशी स्वप्नं क्वचितच पडत. आता स्वप्नच तसं पडतं की आठवणीत रंग उडतो, हे यावरून ठरवता येत नाही.

बिघडण्या-सुधारण्याबाबत बहुतेक आकडेवारी कुचकामी आहे, कारण ज्या घरांत टीव्ही जास्त चालतो ती घरं इतर बाबतींतही वेगळी असतात. अमेरिकेत १९६९ मध्ये सुरू झालेल्या 'सेसमी स्ट्रीट' या लहान मुलांच्या शैक्षणिक टीव्ही कार्यक्रमाने यातून एक वाट काढून दिली. टीव्हीचं प्रक्षेपण तेव्हा दोन प्रकारच्या लहरींवर होई: काही शहरांत हा कार्यक्रम व्हीएचएफ लहरींवर दिसे, काही ठिकाणी यूएचएफवर. यूएचएफचा सिग्नल कमजोर, शिवाय अनेक संचांना तो नीट पकडताच येत नसे. जवळपास तिसरा हिस्सा लोकसंख्या त्यामुळे वंचित राहिली, आणि यात पालकांच्या निवडीचा संबंध नव्हता. मेलिसा कर्नी आणि फिलिप लेव्हिन या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या मुलांची तुलना केली. जिथे कार्यक्रम नीट दिसायचा तिथली मुलं, विशेषतः मुलगे आणि गरीब भागांतली मुलं, वयाला साजेशा इयत्तेत असण्याचं प्रमाण जास्त होतं. पुढे त्यांनी एकूण किती शिक्षण घेतलं आणि किती कमावलं, याबाबत मात्र आकड्यांतून ठोस काही हाती लागलं नाही.