अमिनो आम्लं आणि पेप्टाइडच्या रंगचाचण्या

अमिनो आम्लं (प्रथिनं ज्यांची बनतात ते छोटे रेणू) आणि ती जोडून झालेली पेप्टाइडं विरघळली की डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून त्यांच्याशी रिअॅक्शन करणारं रसायन टाकून रंग आणायचा, ही रंगचाचणी. प्रत्येक चाचणी रेणूचा एकेक भागच पकडते, त्यामुळे एका रंगावर निकाल देऊ नये.

सगळ्यात जास्त वापरतात ते निनहायड्रिन, रसायनशास्त्रज्ञ झिगफ्रीड रूहेमान यांनी १९१० मध्ये केंब्रिजला शोधलेलं. कोकणातलंच उदाहरण घ्या, सोडे (सुकवलेली कोळंबी) भिजवलेलं पाणी गाळून सिलिकाच्या प्लेटवर त्याचा ठिपका द्यायचा, सॉल्व्हंट (विरघळवणारा द्रव) वर चढू द्यायचा, प्लेट वाळवून निनहायड्रिनचा फवारा मारायचा आणि ओव्हनमध्ये साधारण १०५ अंशाला काही मिनिटं ठेवायची, मग जांभळे डाग उठतात. सोड्यांना जी गोडसर चव असते तिच्यात ग्लायसिनचा मोठा वाटा, त्याचा डाग जांभळा, पण प्रोलिनचा पिवळा, कारण त्याचा नायट्रोजन रिंगमध्ये अडकलेला असतो. बाकी जवळपास सगळ्यांचा रंग एकच येतो, कारण निनहायड्रिनचे दोन रेणू फक्त नायट्रोजन काढून घेतात आणि रंग त्यातूनच बनतो. म्हणजे कुठलं आम्ल ते रंगावरून नाही, डाग किती वर चढला त्यावरून ओळखायचं, शेजारी माहितीतल्या आम्लाचा ठिपका हवाच.

घामातसुद्धा अमिनो आम्लं असतात. आपल्याकडच्या दमट हवेत हात कायम घामेजलेले, तेव्हा प्लेट कडेनेच धरा, नाहीतर बोटांचे ठसे जांभळे उमटतात (१९५४ पासून गुन्ह्याच्या तपासात ठसे शोधायला हेच वापरतात). पावसाळ्यात सिलिका हवेतलं पाणी ओढते आणि डागांची उंची बदलते, म्हणून वापरायच्या आधी प्लेट तापवून घ्यायची.

पेप्टाइडचं नायट्रोजनवालं टोक बंद असेल किंवा ते गोल साखळीचं असेल तर निनहायड्रिनला सहसा काही सापडत नाही. बाययुरेट चाचणी मात्र पेप्टाइड बंधच, म्हणजे आम्लांना जोडणारा दुवाच पकडते, कुळथाचं पीठ सौम्य कॉस्टिक सोड्यात ढवळून गाळा आणि मोरचूदच्या पाण्याचे दोनचार थेंब टाका, जांभळट रंग येतो. सुट्या अमिनो आम्लाला हा रंग येत नाही, साधारण दोन तरी बंध लागतात.

एकेका आम्लापुरत्या चाचण्याही आहेत, आर्जिनिनला साकागुची, टायरोसिनला मिलन (यात पारा असतो, टाळलेली बरी). हिस्टिडिनला पॉली. बांगड्यात सुटं हिस्टिडिन भरपूर असतं, मासा बर्फाविना राहिला की बॅक्टेरिया त्याचं हिस्टामिन करतात आणि ते शिजवूनही जात नाही, खाणाऱ्याचं अंग लाल होतं, खाज सुटते. पॉलीने दोघांनाही रंग येतो, म्हणून आधी प्लेटवर दोन्ही वेगळे केल्याशिवाय बांगडा बिघडलाय असं म्हणता येत नाही.