फोंताइन्हास: झरींच्या पाण्यावर वसलेली वस्ती

कदंबा बसस्थानकावरून पाटो पूल ओलांडायचा आणि खाडी डाव्या हाताला ठेवून रुआ द ओरेमने चालू लागायचे. उजवीकडे पिवळी, निळी, गेरूच्या रंगाची घरे लागतात. त्यांच्यामागे आल्तिन्होची टेकडी एकदम उभी राहते. पणजीला येणारे बरेच मराठी पर्यटक हल्ली सकाळचा तासभर फोंताइन्हासच्या या गल्ल्यांसाठी राखून ठेवतात. गाइडबरोबर फिरणाऱ्यांना ‘हे बघा छोटे पोर्तुगाल’ असे सांगितले जाते. मला ते पटत नाही. ही वस्ती टेकडीच्या पाण्याने, खाडीच्या चिखलाने आणि मुख्यतः गोवेकरांच्या हातांनी घडली. गल्लीत शिरण्याआधी तिची गोष्ट माहीत असलेली बरी.

सुरुवात पाण्यापासून करावी लागते. आल्तिन्हो जांभ्याचा आहे. जांभा सच्छिद्र असतो, पावसाळाभर तो पाणी पितो आणि ते पायथ्याशी झरींतून सोडतो. ‘फोंताइन्हास’ म्हणजे लहान झरी. पायथ्याच्या मळा भागातली ‘फोंत फेनिक्स’ ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. टेकडीच्या दुसऱ्या अंगाला ‘बोका द व्हाका’, म्हणजे गायमुख. नळ येण्यापूर्वीची पणजी याच पाण्यावर तगली. त्याच उताराला आपल्या लोकांनी दिलेले नाव ‘मळा’. मराठी वाचकाला त्याचा अर्थ सांगायला नको. एका नावात पाणी आहे आणि दुसऱ्यात त्या पाण्यावर पिकलेली जमीन.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत इथे नारळाची बाग होती. ती आंतोनियो जुआंव द सिक्वेरा या गृहस्थाची. मोझांबिकमध्ये पैसा कमावून परतल्यामुळे लोक त्याला ‘मोसमीकर’ म्हणत. आफ्रिकेतून आलेल्या पैशाने गोव्यात घर आणि बाग उभी राहण्याचे हे एक सुरुवातीचे उदाहरण. पुढे मुंबई, कराची, नैरोबी, आखात अशी ही वाट वाढतच गेली. फोंताइन्हासच्या पायाशी एक परदेशी गेलेला गोवेकर आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

पणजी तेव्हा शहर नव्हतीच. मांडवीच्या काठी आदिलशहाचा वाडा होता, कोळ्यांची घरे होती आणि बाकी दलदल. १६३०च्या दशकात पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द लिन्यारिश याने रायबंदरपर्यंत सुमारे ३ किलोमीटरचा बांध घातला, तेव्हा कुठे जमिनीवरून नीट ये-जा सुरू झाली. तेव्हाच्या राजधानीत, जुन्या गोव्यात, रोगराईने माणसे मरत राहिली, शहर ओस पडत गेले आणि १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपला मुक्काम आदिलशाही वाड्यात हलवला. सरकार आले की मागोमाग कारकून, वकील, शिपाई, दर्यावर्दी येतात. त्यांना डोक्यावर छप्पर हवे आणि जवळ गोडे पाणी हवे. टेकडी आणि खाडी यांच्यामधली ही चिंचोळी पट्टी त्यांना मिळाली. जागाच अरुंद, म्हणून घराला घर लागले, गल्ल्या वळत गेल्या आणि टेकडीवर जायला पायऱ्या आल्या. ही ठेवण कोणी लिस्बनहून आखून पाठवलेली नाही. १८२७ नंतर व्हाइसरॉय दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु याच्या कारकिर्दीत दलदली बुजवून सरळ रस्त्यांची पणजी उभी राहिली. तिच्याशी ताडून पाहिले तर फोंताइन्हासचा वाकडेपणा लगेच डोळ्यांत भरतो. १८४३ मध्ये पणजी ‘नोव्हा गोवा’ या नावाने अधिकृत राजधानी झाली.

शेजारच्या सां तोमे वाड्यावर तंबाखूचा सरकारी व्यापार चाले, टांकसाळही तिथेच होती. आजच्या पोस्ट ऑफिससमोरचा चौक मात्र वेगळ्या कारणाने लक्षात ठेवावा. १७८७ मध्ये कांदोळीच्या पिंटो घराण्याच्या आश्रयाने देशी पाद्री आणि सैनिकांनी सत्तेविरुद्ध कट केला. तो फुटला आणि पुढच्या वर्षी १५ जणांना देहदंड झाला. त्या शिक्षेची जागा म्हणून हाच चौक दाखवला जातो. गोव्यातल्या ख्रिस्ती माणसाने पोर्तुगीजांविरुद्ध हात उगारल्याची ही आठवण ‘छोटे पोर्तुगाल’ या वर्णनात बसत नाही.

सेंट सेबास्तियनचे कपेल, म्हणजे छोटे चर्च, गल्लीच्या टोकाला आहे. मूळ बांधकाम १८१८चे, पांढरेशुभ्र, शेजारी विहीर. आत क्रूसावरचा ख्रिस्त नीट पाहा. इतर ठिकाणी त्याची मान झुकलेली आणि डोळे मिटलेले असतात. इथे मान ताठ आहे आणि डोळे सताड उघडे. हा क्रूस जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करणाऱ्या चर्चच्या न्यायासनाच्या, वाड्यातला. १५६० पासून चाललेले ते न्यायासन १८१२ मध्ये कायमचे बंद झाले आणि क्रूस पणजीच्या राजवाड्यात आला. १९१८ मध्ये गव्हर्नरचा मुक्काम दोना पावलाजवळच्या काबोला हलला, तेव्हा तो या कपेलात आणला गेला. ज्यांची चौकशी झाली, त्यांनी मान वर करून हीच नजर पाहिली असेल. मी तिथे गेलो की बोलणे आपोआप थांबते.

घरांचे रंग हा फोटोंचा मुख्य विषय. दर वर्षी पावसाळ्यानंतर घर रंगवण्याचा दंडक होता आणि पांढरा रंग देवळांसाठी (गोव्यात इगर्जीलाही, म्हणजे चर्चलाही, लोक देऊळ म्हणतात) राखून ठेवलेला होता, असे प्रत्येक फेरीत ऐकू येते. दंडक असो वा नसो, ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेललेली भिंत शेवाळाने काळी पडते आणि चुना द्यावाच लागतो. चुन्यात नीळ, पिवडी किंवा काव कालवली की हे सगळे रंग तयार. खिडक्यांच्या जुन्या झडपांत काचेऐवजी शिंपल्याच्या पातळ चकत्या बसवलेल्या दिसतील. उन्हाची तिरीप त्यांतून गाळून, दुधाळ होऊन आत येते.

वस्तीच्या मुख्य रस्त्याचे नाव ‘रुआ ३१ द जानेरु’. पोर्तुगाल स्पेनच्या अमलातून सुटले तो हा दिवस, असे सर्रास सांगतात. ते चूक आहे. ती घटना १ डिसेंबर १६४०ची. ३१ जानेवारी १८९१ला पोर्तू शहरात राजेशाहीविरुद्ध प्रजासत्ताकवाद्यांचा उठाव झाला, तो हा दिवस. उठाव फसला, पण १९१० मध्ये प्रजासत्ताक आलेच. गोव्यातल्या हिंदूंना त्यानेच शाळा आणि सरकारी नोकरीची दारे मोकळी केली. त्याआधी शतकानुशतके तिसवाडीतल्या, म्हणजे पणजीच्या तालुक्यातल्या, हिंदूंना देवदर्शनासाठी खाडीपलीकडे फोंड्याकडे जावे लागे. पणजीत महालक्ष्मीच्या देवळाला परवानगी मिळाली तीही १८१८ मध्ये, म्हणजे कपेल उभे राहिले त्याच वर्षी. चुकीच्या गोष्टीपायी या रस्त्याच्या नावाशी असलेले आपले नातेच हरवते, याची मला खंत वाटते.

आणखी एक दुरुस्ती. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत १९८६ मध्ये गेली ती जुन्या गोव्याची चर्चे आणि कॉन्व्हेंटे. फोंताइन्हास त्या यादीत नाही. ही वस्ती तग धरून आहे ती इथे माणसे राहतात म्हणून. दारांवर ‘फोटो काढू नका’ अशा पाट्या आता दिसतात. दुपारी कोणाच्या तरी सोप्यावर बसून लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्यांनी आतल्या म्हाताऱ्या माणसाची झोप मोडते हे ध्यानात घ्यावे. पाटी दिसली की कॅमेरा खाली ठेवावा आणि आवाजही.

बहुतेक फेऱ्या कपेलापाशी संपतात. तुम्ही पुढे मळ्यात जा. झर पाहून पायऱ्यांनी वर चढा. दम लागतो, थांबत थांबत चढा. वर मारुतीचे केशरी देऊळ आहे. त्याच्या जत्रेत सगळा उतार दिव्यांनी उजळतो आणि खाली गल्ल्यांत खाजे आणि लाडवांची दुकाने लागतात. कठड्यापाशी उभे राहिले की नळ्यांची तांबडी छपरे पायाखाली दिसतात, त्यांपलीकडे खाडी आणि खाडीपलीकडे आपण आलो तो पाटो.