दुखणारी जखम आणि न दुखणारी जखम: हर्पिस की गरमी?

जननेंद्रियावर जखम दिसली की बहुतेक जण ती दुखते की नाही, यावरून किती घाबरायचे ते ठरवतात. दुखली तर धावपळ, नाहीतर ‘उष्णतेने आली असेल, जाईल आपोआप’. इथे हा हिशेब उलटा पडतो. न दुखणारी जखम सिफिलिसची, म्हणजे गरमीची असू शकते. ती खरोखरच आपोआप जाते, पण आजार शरीरात राहतो.

हर्पिस हा विषाणूचा आजार. अनेकांत तो सौम्य असतो किंवा कळतही नाही, पण ठळक खेप उठली तर ती दुखते. संबंधानंतर साधारण २ ते १२ दिवसांत आधी मुंग्या किंवा जळजळ होते, मग पाण्याने भरलेले बारीक फोड पुंजक्याने उठतात आणि फुटून उथळ व्रण होतात. लघवीचा स्पर्श झाला की झोंबते, जांघेतल्या गाठी दुखतात. पहिल्या खेपेला तापही येऊ शकतो आणि सगळे बरे व्हायला २ ते ४ आठवडे जातात. (जिला हर्पिस झोस्टर म्हणतात ती नागीण वेगळी. तिचा विषाणू कांजिण्यांचा, आणि पुरळ बहुधा शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे उठते.)

सिफिलिसची जखम उशिरा येते, बहुधा तीन आठवड्यांनी, कधी ९० दिवसांनीही. बहुतेकदा एकच, तळ स्वच्छ, आणि हातमोजा घालून दाबली तर कडा शर्टाच्या बटणासारखी टणक लागते. जांघेतल्या गाठी सुजतात पण दुखत नाहीत. जखम योनीच्या आत, गर्भाशयमुखावर किंवा गुदद्वारात असेल तर ती कळतही नाही. ३ ते ६ आठवड्यांत ती भरून येते. पुढे काही आठवड्यांनी अंगावर, विशेषतः तळहात-तळपायांवर न खाजणारे पुरळ येते आणि तेही विरते. उपचार झाले नाहीत तर काही जणांत वर्षांनंतर मेंदू आणि महाधमनीवर परिणाम होतो. गरोदरपणात हा आजार बाळापर्यंत पोहोचतो, गर्भ दगावू शकतो. म्हणून गरोदर स्त्रीची सिफिलिसची रक्ततपासणी कधीही चुकवू नये.

तरीही नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. हर्पिसचा व्रण कधी एकटाच असतो. सिफिलिसच्या जखमेत दुसरा जंतुसंसर्ग झाला तर ती दुखते. दोन्ही आजार एकाच वेळी असू शकतात. त्यामुळे प्रत्येक जखमेला व्हीडीआरएल (सिफिलिसची रक्ततपासणी) आणि एचआयव्ही तपासणी हवीच. जखम नुकतीच आली असेल तर व्हीडीआरएल निगेटिव्ह येऊ शकते, कारण रक्तात प्रतिपिंडे तयार व्हायला वेळ लागतो. अशा वेळी २ ते ४ आठवड्यांनी ती पुन्हा करावी. हर्पिससाठी ताज्या फोडातील स्रावाची पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी, उपयोगी. रक्तातील ‘हर्पिस आयजीएम’ या प्रतिपिंड तपासणीवर पैसे घालवू नका, ती दिशाभूल करते.

उपचारात खरा फरक आहे. लवकरच्या टप्प्यातल्या सिफिलिसवर बेंझाथिन पेनिसिलिन या अँटिबायोटिकचे २४ लाख युनिटचे इंजेक्शन एकदाच, दोन्ही कुल्ल्यांत १२-१२ लाख असे देतात. आजार वर्षापेक्षा जुना किंवा नेमका किती जुना ते ठाऊक नसेल तर आठवड्याच्या अंतराने तीन वेळा. पहिल्या २४ तासांत थंडीताप येऊ शकतो. ती बहुधा जंतू मरतानाची प्रतिक्रिया असते, ॲलर्जी नव्हे. अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास लागला तर मात्र तातडीने दवाखाना गाठावा. हर्पिसच्या पहिल्या खेपेला ॲसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, ७ ते १० दिवस. त्याने खेप आटोक्यात येते, पण विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत कायम राहतो आणि फोड पुन्हा उठू शकतात. सरकारी रुग्णालयांतल्या, लैंगिक आजारांसाठीच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये हर्पिस नसलेल्या जखमेसाठी पांढरा आणि हर्पिससाठी लाल असा औषधांचा किट मोफत मिळतो.

सर्वात जास्त नुकसान करतात ती मेडिकलमधून आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमे आणि अर्धवट घेतलेल्या अँटिबायोटिक गोळ्या. मलमाने जखमेचे रूप बदलते, गोळ्यांनी निदान झाकोळते, आणि सिफिलिस पुरता जात नाही.

जखम पूर्ण भरेपर्यंत संबंध टाळावेत. कंडोम जेवढी त्वचा झाकतो तेवढेच संरक्षण देतो. सिफिलिस निघाला तर मागच्या ९० दिवसांतल्या जोडीदारांना, त्यांची तपासणी निगेटिव्ह असली तरी, इंजेक्शन द्यावे लागते. नाहीतर लागण परत येते. सहा आणि बारा महिन्यांनी व्हीडीआरएल पुन्हा करून टायटर, म्हणजे रक्तातील प्रतिपिंडांचे प्रमाण, किमान चौपटीने उतरला का, जसे १:३२ वरून १:८, हे पाहावे. टीपीएचए ही सिफिलिसची दुसरी रक्ततपासणी बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह राहते, त्यावरून पुन्हा उपचार सुरू करू नयेत.