ताप नाही, तरी चाचणी कशाला?

कोल्हापुरात ‘नर्सिंग होम’ म्हटले की छोटा खाजगी दवाखाना डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत मात्र तो शब्द शुश्रूषेची सोय असलेल्या वृद्धाश्रमासाठी वापरतात. तेथील धडधाकट कर्मचाऱ्यांनाही 2020 मध्ये करोनाची चाचणी सक्तीची झाली, हे एका व्याख्यानात सांगितले तेव्हा एका गृहस्थांनी विचारले, ‘‘दारातच ताप मोजला की पुरे नाही का?’’

पुरे नाही. वॉशिंग्टन राज्यातील किंग परगण्यातल्या अशा एका वृद्धाश्रमात मार्च 2020 मध्ये 76 रहिवाशांची सरसकट चाचणी झाली. बाधित निघालेल्या 48 जणांपैकी 27 जणांना त्या दिवशी एकही लक्षण नव्हते. त्यांतील 24 जणांना ती पुढे दिसू लागली, आणि या 24 पैकी 17 जणांच्या नमुन्यांतून पेशींत वाढू शकणारा, म्हणजे संसर्गक्षम विषाणू मिळाला. ताप हा शरीराचा प्रतिसाद असतो. तो विषाणूच्या मागून येतो, कधी येतही नाही.

पीसीआर चाचणी (‘सीपीआर’ नव्हे, तो आपला कोल्हापूरचा थोरला दवाखाना) थेट विषाणूचा माग काढते. विषाणूच्या आरएनएवरून प्रथम डीएनए बनवतात. मग तो तापवून त्याचे धागे सुटे करायचे, थोडे निववायचे, आणि विकराकडून (एन्झाइमकडून) प्रत्येक धाग्याचा जोडीदार घडवून घ्यायचा. अशा प्रत्येक फेरीत प्रती जवळपास दुप्पट होतात. दहा फेऱ्यांत एकाच्या 1,024 आणि वीस फेऱ्यांत दहा लाखांहून अधिक! प्रतींबरोबर वाढणारी चमक ज्या फेरीत ठरावीक पातळी ओलांडते, तो सीटी अंक. म्हणून 33 ऐवजी 23 अंक आला, तर नमुन्यात सुमारे हजारपट आरएनए असतो. वरच्या 24 जणांचा मध्यक अंक 23.1 होता.

मात्र संसर्गानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत विषाणू इतका थोडा असतो की ही चाचणीही त्याला हुकते. त्यामुळे सोमवारी ‘निगेटिव्ह’ आलेल्या मावशी गुरुवारी आजोबांना भरवताना संसर्ग देऊ शकतात. अमेरिकी नियमाने म्हणूनच परगण्यात झालेल्या चाचण्यांपैकी ‘पॉझिटिव्ह’ येणाऱ्यांचे प्रमाण 5 टक्क्यांखाली असेल तर महिन्यातून एकदा, 5 ते 10 टक्के असेल तर आठवड्यातून एकदा, आणि त्याहून अधिक असेल तर आठवड्यातून दोनदा चाचणी ठरवली. करोनापासून बचाव म्हणून गळ्यात बांधलेली कापूर-ओव्याची पुरचुंडी मात्र विषाणू शोधतही नाही आणि अडवतही नाही. फार तर नाक मोकळे झाल्यासारखे वाटते.

उलट चूकही संभवते. बरे झाल्यावरही आरएनएचे निर्जीव तुकडे कित्येक आठवडे सापडतात, आणि चाचणी ‘पॉझिटिव्ह’ येत राहते. अशा वेळी रोजंदारीवरच्या मावशींना निव्वळ त्या अहवालावरून घरी बसवले, तर त्यांचा पगार बुडतो आणि आजोबांना भरवायलाही कोणी उरत नाही.