खाडी साफ झाली, पण कोळ्याच्या पोटापाण्याचे काय?

खाणीने किंवा कारखान्याने नासवलेला परिसर पूर्ववत करायचा आणि त्यावर जगणाऱ्यांचा रोजगारही उभा करायचा, अशा दोन्ही गोष्टी आज एका दमात बोलल्या जातात. इतिहासात मात्र त्या क्वचितच एकत्र आल्या.

जपानमधल्या आशिओ तांब्याच्या खाणीमुळे वातारासे नदीकाठची भातशेती नासली. तानाका शोझो यांनी १८९१ मध्ये संसदेत हा प्रश्न मांडला. दहा वर्षांनी, खासदारकी सोडून, ते अर्ज हातात घेऊन थेट सम्राटाच्या घोडागाडीकडे धावले. सरकारने उपाय काढला तो पुराचे पाणी अडवणाऱ्या तलावाचा, आणि त्यासाठी यानाका हे शेतकऱ्यांचे गावच उठवले. नुकसान सोसणाऱ्यांनाच जागा सोडावी लागली. पुढेही हे अनेकदा घडले.

जपानमधल्याच मिनामाता या खाडीकाठच्या गावाची गोष्ट जास्त ठाऊक आहे, पण तिचा उत्तरार्ध सहसा कोणी सांगत नाही. चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून खाडीत पारायुक्त सांडपाणी जात होते. त्यातून होणाऱ्या आजाराची अधिकृत नोंद मे १९५६ मध्ये झाली. १९५९ मध्ये कंपनीने ‘सहानुभूतीची रक्कम’ देऊ केली: मृत्यू झाला असेल तर तीन लाख येन. अट अशी की, उद्या कारखाना दोषी ठरला तरी जादा भरपाई मागायची नाही. हा करार नीतीला धरून नाही, म्हणून तो रद्दबातल आहे, असे कुमामोतोच्या न्यायालयाने १९७३ मध्ये ठरवले. सांडपाणी मात्र १९६८ पर्यंत वाहतच राहिले होते.

मग खाडीची सफाई. दूषित मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून १९७४ मध्ये तिच्या तोंडाशी जाळे लावले गेले. १९७७ ते १९९० या काळात सुमारे १५ लाख घनमीटर गाळ हाताळला गेला आणि ५८ हेक्टर खाडी बुजवून त्यावर स्वच्छ माती पसरली. जाळे निघाले १९९७ मध्ये. म्हणजे आजाराची नोंद झाल्यापासून खाडीतले मासे सुरक्षित ठरेपर्यंत ४१ वर्षे गेली. तिशीतल्या कोळ्याचा धंदा तेवढ्यात संपतो. खाडी बरी झाली, हे खरेच. पण कोणासाठी, हा प्रश्न उरतोच.

अमेरिकेने १९७७ च्या कायद्याने एक शहाणपणाची गोष्ट केली. उघड्या कोळसा खाणीचे काम सुरू करण्याआधीच जमीन पूर्ववत करण्याची हमी म्हणून अनामत घ्यायची, आणि जुन्या बेवारस खाणींसाठी कोळशावर टनामागे शुल्क लावायचे. पैसा आधी हातात असल्याने कंपनी बुडाली तरी काम अडू नये, हा हिशेब. पण तो हिशेब जमिनीचा होता. खाण संपल्यावर गावाने काय करायचे, याला त्यात जागा नव्हती.

कॅनडातल्या सडबरीत या दोन गोष्टी थोड्याफार जुळल्या. निकेल आणि तांब्याच्या भट्ट्यांतल्या गंधकाच्या धुराने तिथले डोंगर बोडके झाले आणि खडक काळे पडले. १९७२ मध्ये ३८१ मीटर उंच धुराडे बांधले, त्याने धूर फक्त लांब गेला. धुरातला गंधक खरोखर कमी होऊ लागला, तेव्हा कुठे माती सुधारण्यात अर्थ उरला. १९७८ पासून माणसे चुन्याच्या गोण्या खांद्यावर घेऊन चढ चढू लागली, हाताने चुना फेकून मातीचा आम्लपणा कमी करू लागली. मग खत, गवताचे बी आणि शेवटी रोपे. या कामावर विद्यार्थी होते, तसेच मंदीत काम गेलेले खाणकामगारही होते. आजवर एक कोटीहून जास्त झाडे लागली आहेत. काम हंगामी होते, त्याने कोणाचा संसार कायमचा सावरला नसेल; तरी दुरुस्तीचा पैसा स्थानिकांच्या मजुरीत गेला.

नायजेरियातल्या ओगोनीलँडमधल्या तेलगळतीवर संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये अहवाल दिला. पूर्ण सुधारणेला २५ ते ३० वर्षे लागतील, असा त्यांचा अंदाज, आणि सुरुवातीलाच एक अब्ज डॉलरच्या निधीची सूचना. ब्राझीलमध्ये २०१५ साली मारियानाजवळ खाणीच्या गाळाचा बांध फुटला. १९ माणसे गेली आणि दोसे नदी थेट समुद्रापर्यंत गढूळली. त्यावर खाण कंपन्यांशी नवा करार ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला. त्यात सरकारी यंत्रणांना द्यायचे १०० अब्ज ब्राझिली रियाल २० वर्षांत विभागले आहेत. मच्छीमार आणि छोट्या शेतकऱ्यांना दरमहा मदतही आहे, पण ती मोजक्या वर्षांपुरतीच.