प्रोस्टेटची गाठ किती आक्रमक? शस्त्रक्रियेआधीचे एमआरआय काय सांगते

मूत्राशयाच्या खाली असलेल्या प्रोस्टेट ग्रंथीत कर्करोग सापडला, की 'डॉक्टर, ती काढूनच टाका' अशी मागणी सर्वप्रथम होते. ती स्वाभाविक असली, तरी प्रत्येक रुग्णाच्या हिताची असतेच असे नाही. ब्रिटनमधील 'प्रोटेक्ट' चाचणीत ग्रंथीपुरता मर्यादित कर्करोग असलेल्या १,६४३ पुरुषांची शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि नियमित देखरेख अशा तीन गटांत विभागणी केली होती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पंधरा वर्षांनंतरही तिन्ही गटांत या कर्करोगाने मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपासच होते. शस्त्रक्रियेनंतर मात्र लघवीवरचा ताबा सुटणे आणि लैंगिक क्षमता घटणे हे त्रास अनेकांना दीर्घकाळ सोसावे लागतात. याच ग्रंथीतल्या काही गाठी हाडांपर्यंत पसरून जीव घेतात, हेही तितकेच खरे. त्यामुळे गाठ आहे की नाही यापेक्षा ती कोणत्या स्वभावाची आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

या स्वभावाचे पारंपरिक माप म्हणजे ग्लीसन गुणांक. बायोप्सीच्या तुकड्यात ग्रंथींची मूळ रचना किती विस्कटली आहे, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तो दिला जातो; तो जितका जास्त, तितकी गाठ आक्रमक. अडचण तुकडा घेण्यातच आहे. जुन्या पद्धतीत सोनोग्राफीच्या आधारे ठरावीक जागांवरून साधारण दहा-बारा तुकडे घेतात. सोनोग्राफीत गाठ बहुधा स्पष्ट दिसत नसल्यामुळे सुई आक्रमक भागाच्या शेजारून निघून जाऊ शकते.

येथे एमआरआय उपयोगी पडते, आणि त्यातही 'डिफ्यूजन' नावाची प्रतिमा मला सर्वांत विलक्षण वाटते, कारण ती ऊतींमधील पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजते. निरोगी प्रोस्टेटमधील नलिकांच्या पोकळीत द्रव असतो आणि तेथे पाण्याचे रेणू बरेच मोकळेपणाने फिरतात. कर्करोगात पेशी दाटीवाटीने वाढतात, त्या पोकळ्या बुजतात आणि रेणूंची वाट जागोजागी अडते. ही हालचाल जितकी मंद, तितका ग्लीसन गुणांक सहसा जास्त, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. याला गाठीचा आकार, कडा आणि रक्तपुरवठा यांची जोड देऊन रेडिओलॉजिस्ट 'पाय-रॅड्स' या पद्धतीने १ ते ५ असा अंक देतात. हा अंक गाठीची अंतिम प्रतवारी नसून, महत्त्वाचा, म्हणजे उपचारांची गरज भासू शकेल असा, कर्करोग असण्याची शक्यता किती, एवढेच तो सांगतो.

या शक्यतेवर किती विसंबावे? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील 'प्रॉमिस' अभ्यासात ५७६ पुरुषांची एमआरआय, नेहमीची बायोप्सी आणि संपूर्ण ग्रंथीतून दर ५ मिलिमीटरवर तुकडे घेणारी सखोल बायोप्सी अशा तिन्ही तपासण्या झाल्या. सखोल बायोप्सीत आढळलेल्या महत्त्वाच्या कर्करोगांपैकी ९३ टक्के एमआरआयने हेरले होते, तर नेहमीच्या बायोप्सीने केवळ ४८ टक्के. मात्र असा कर्करोग नसलेल्यांपैकी जेमतेम ४१ टक्के जणांनाच एमआरआयने संशयमुक्त ठरवले. प्रोस्टेटला आलेली सूजही कधीकधी प्रतिमेत कर्करोगासारखी दिसते, म्हणून केवळ प्रतिमेवरून शस्त्रक्रियेचा निर्णय घेता येत नाही आणि बायोप्सी टळत नाही. प्रतिमेमुळे सुई नेमकी कोठे घालायची, हे ठरते. बायोप्सीनंतर ग्रंथीत साकळलेले रक्त काही आठवडे प्रतिमा गढूळ करत असल्याने शक्यतो एमआरआय आधी करणेच श्रेयस्कर असते.

शस्त्रक्रिया आवश्यक ठरली, तर हीच प्रतिमा शल्यविशारदाला पुन्हा लागते. लिंगाच्या ताठरतेशी संबंधित मज्जातंतू ग्रंथीला अगदी खेटून जातात. गाठ त्या बाजूला ग्रंथीच्या आवरणाबाहेर गेलेली दिसली, तर तेथील मज्जातंतूंचा काही भाग गाठीसोबत काढावा लागू शकतो. ती आवरणाच्या आत असेल, तर ते वाचवण्याचा प्रयत्न करता येतो. आवरणाबाहेरचा सूक्ष्म प्रसार मात्र एमआरआयला अनेकदा दिसत नाही, आणि तो काढलेल्या ग्रंथीच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीतच उघड होतो.