बोर्डावरची ओळ एआयकडून लिहून घेताय? छापण्याआधी हे वाचा

(हॉटेल, खानावळ, मिसळ, चहा-नाश्ता आणि पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या आमच्या नाशिकच्या गिऱ्हाइकांसाठी)

पूर्वी बोर्डाची ऑर्डर द्यायला आलेलं गिऱ्हाईक नावाखालची ओळ आमच्यावरच सोडायचं. "टाका तुम्हीच काहीतरी छान." आम्ही 'एकदा अवश्य भेट द्या' टाकायचो. तेही खूश, आम्हीही खूश. आता निम्मेअधिक लोक ओळ मोबाइलात घेऊनच येतात. चॅटजीपीटीला विचारलेली असते, नाहीतर जेमिनीला. त्यात वावगं काही नाही, आम्हीही विचारतो. पण मागच्या दिवाळीच्या सुमारास सिन्नर फाट्यावरची एक खानावळ आणि पंचवटीतला एक मिसळवाला आठवड्याच्या फरकाने आले आणि दोघांच्या मोबाइलात ओळ एकच : 'चव अशी, जी मनात घर करेल'. दोघांनाही वाटत होतं, ही आपल्यासाठीच लिहिली आहे.

याचं कारण सोपं आहे. हे यंत्र प्रचंड मजकूर वाचून शिकलेलं असतं आणि एका शब्दानंतर पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, या अंदाजाने लिहितं. 'माझ्या हॉटेलसाठी घोषवाक्य दे' एवढंच सांगितलंत, तर हजारो हॉटेलांना चालेल असंच काहीतरी हाती येणार. त्यात त्याचं वाचन इंग्रजीत दांडगं, मराठीत तोकडं. म्हणून 'जिथे परंपरा भेटते चवीला' असली वाक्यं येतात. शब्द सगळे मराठी, पण नाशिकात कोणी असं बोलताना ऐकलंय का? हिंदीही मधूनच डोकावते. थाळीची थाली होते, मिसळीचा ळ गळून पडतो.

मग विचारायचं कसं?

ओळ मागू नका. आधी हॉटेलची माहिती द्या, आणि तीही कौतुकाची नको, रोजच्या व्यवहाराची द्या. 'आमची चव अप्रतिम आहे' हे यंत्राला सांगून काही उपयोग नाही, ते सगळेच सांगतात. पंचवटीच्या त्या मिसळवाल्यांना आम्ही दुकानात बसवलं आणि चहा येईपर्यंत प्रश्न विचारत राहिलो. त्यातून जे निघालं ते तसंच्या तसं टाइप केलं :

'सकाळी ७ ला उघडतो. मटकी आदल्या दिवशी भिजवतो, तेवढीच. ती संपली की बंद, बहुतेक दुपारी १ पर्यंत. काळा मसाला आई स्वतः भाजते. रस्सा कितीही वेळा मागा, पैसे नाहीत. पापड सोबत असतोच. येणारे लोक म्हणजे कंपनीत पहिल्या पाळीला जाणारे, रिक्षावाले, रविवारी कुटुंबं. या माहितीवरून बोर्डासाठी २० ओळी दे. प्रत्येक ओळ ५ शब्दांच्या आत. यमक नको. चव, स्वाद, परंपरा, अनुभव, खास हे शब्द वापरू नकोस. दुकानदार गल्ल्यावरून बोलतो तशी भाषा ठेव.'

शब्दांवरची बंदी फार कामाची आहे. नेहमीचे पाच-सहा शब्द काढून घेतले की यंत्राला दुसरीकडे बघावंच लागतं. यमकाचंही तसंच. मराठी यमक जुळवायला गेलं की ते हळदीकुंकवातल्या उखाण्यावर उतरतं.

वीसपैकी पंधरा ओळी टाकाऊच होत्या. 'रस्सा मागा, लाजू नका' बरी होती. एक होती, 'मटकी संपली की मिसळ संपली'. ती वाचून मालक हसले. म्हणाले, "अहो, मी तर रोज एवढंच सांगतो, मटकी संपली, उद्या या." झालं. तीच ओळ बोर्डावर गेली : 'मटकी संपली? उद्या या!' ती यंत्राने लिहिली नाही, पण त्याच्या वीस ओळी वाचल्याशिवाय मालकांच्या तोंडून ती निघालीही नसती. आमच्या मते या साधनांचा खरा उपयोग हा असा आहे. बहुतेक मालक वाक्य रोज बोलत असतात, फक्त ते बोर्डावर लिहिण्यासारखं आहे हे त्यांच्या लक्षात येत नाही.

निवडलेली ओळ घरात मोठ्याने वाचा, आणि घरातल्या सगळ्यात खवचट माणसाला ऐकवा. एका गिऱ्हाइकाने आणलेली ओळ होती, 'इथे जेवलात की पुन्हा कुठेच जेवणार नाही'. काउंटरवर वाचताच आमचा पेंटर म्हणाला, "बापरे, काय घालता जेवणात?" यंत्राला शब्द कळतात, टोमणा कळत नाही.

कायद्याची बाजू

थोडक्यात सांगतो, कारण दंड बोर्ड बनवणाऱ्याला नाही, बोर्ड लावणाऱ्याला होतो.

महाराष्ट्रात दुकानाचं नाव मराठीत, देवनागरीत, आधी आणि इतर भाषांपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत असावं लागतं. २०२२ च्या दुरुस्तीपासून हे दहापेक्षा कमी कामगार असलेल्या हॉटेलांनाही लागू आहे. तेव्हा एआयने इंग्रजी नाव सुचवलं आणि आवडलं तरी ते मराठीच्या खाली किंवा मागे. जिथे दारू दिली जाते तिथे महापुरुषांची किंवा गडकिल्ल्यांची नावं चालत नाहीत. हे यंत्र आपण होऊन सांगेलच असं नाही. 'बार अँड रेस्टॉरंटला दमदार मराठी नाव सुचव' म्हटलं की पहिल्या पाचात एखादा किल्ला येऊ शकतो.

दुसरी गोष्ट शब्दांची. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे जाहिराती आणि दाव्यांबद्दलचे नियम २०१८ चे आहेत. 'होममेड'सारखे गिऱ्हाइकाचा गैरसमज करून देणारे शब्द वापरू नयेत, असं त्यांत म्हटलं आहे. अस्सल, पारंपरिक, शुद्ध, ताजं या अर्थाच्या शब्दांनाही अटी आहेत. आणि एआयचे लाडके शब्द नेमके हेच. भटारखान्यात चार आचारी असताना वर 'घरगुती जेवण' लिहायचं की नाही, याचा विचार तुम्हीच करा. आम्हालाही तो शब्द शेकडो बोर्डांवर दिसतो, पण दिसतो म्हणून तो सुरक्षित होत नाही. 'महाराष्ट्रात नंबर १' किंवा 'शुगरवाल्यांनीही बिनधास्त खावं' असल्या ओळी मात्र आम्ही सरळ नको म्हणतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

ओळ ट्रेडमार्क म्हणून, म्हणजे आपल्याच नावावर, नोंदवून घ्यायची असेल तर हॉटेल-सेवा ट्रेडमार्कच्या ४३ व्या वर्गात येते. आधी ट्रेडमार्क खात्याच्या संकेतस्थळावर मोफत शोध घ्या, आपली ओळ दुसऱ्याची निघू शकते. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी ४,५०० रुपये आहे. पण 'नाशिकची चविष्ट मिसळ' अशी नुसतं वर्णन करणारी ओळ सहसा नोंदली जात नाही.

आणि आमच्या बाजूने

एआयने बनवलेलं बोर्डाचं चित्र घेऊन येऊ नका. म्हणजे रंग, मांडणी दाखवायला जरूर आणा, पण त्यातलं अक्षर आम्ही छापणार नाही. चित्र काढणारी बरीच यंत्रं देवनागरी अक्षर लिहीत नाहीत, अक्षरासारखा आकार काढतात. जोडाक्षरं तुटू शकतात, वेलांटी भलत्याच बाजूला जाऊ शकते, 'ऱ्या' तर हमखास धड येईल याची खात्री नाही. 'भाकऱ्या'चं काय झालेलं असतं ते आम्ही दुकानात चिकटवून ठेवलंय, येऊन बघा.

ओळीची लांबीही बघा. आमचा ठोकताळा असा, की १ इंच उंचीचं अक्षर साधारण १० फुटांवरून आरामात वाचता येतं. मराठीत त्या उंचीतच वरची मात्रा आणि खालचा उकारही बसवायचा असतो, म्हणजे मूळ अक्षर आणखी बारीक होतं. ८ बाय ३ फुटांच्या बोर्डावर नाव, फोन आणि ९ शब्दांची ओळ कोंबली, तर रस्त्यापलीकडून फक्त नाव दिसेल.

ओळ व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवा, स्क्रीनशॉट नको. आमच्याकडे ती युनिकोडमधून (मोबाइलातल्या मराठी टाइपमधून) श्रीलिपीत (आमच्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये) जाते तेव्हा एखादं अक्षर इकडचं तिकडे होऊ शकतं, म्हणून प्रूफ घरच्या दोघांनी तरी वाचून त्यावर सही करा. ॲक्रिलिकची अक्षरं कापून झाली, की ऱ्हस्व-दीर्घ बदलण्याचे पैसे पडतात.